आरोग्य विमा सक्तीचा केला तर? सातारा-सांगलीचा हिशेब मांडूया

कृष्णाकाठ:
मोटारसायकल रस्त्यावर आणायची तर विमा लागतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १४६ तसं सांगतं. मग माणसाच्या आजारपणाचा विमा सक्तीचा का नको, हा प्रश्न पतसंस्थेच्या सभेपासून ग्रामसभेपर्यंत सगळीकडं निघतो. दोन्ही बाजूंनी आवाज चढतो आणि विषय तिथंच राहतो. म्हणून इथं नीट लिहूया. पैसे कुणी भरायचे, बदल्यात काय मिळणार, आणि ते जत-आटपाडी-माण-पाटण या लांबच्या तालुक्यांतल्या माणसाला कुठं मिळणार? घरातल्या आजारपणाच्या कहाण्या नकोत. नियम, आकडे, कागद आणि गाडी नेमकी कुठं अडते ते लिहा.

पाया एवढाच. राज्य सरकारची मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर आली. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. केंद्राची आयुष्मान भारत सप्टेंबर २०१८ची, आणि एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालतात. जुलै २०२३च्या शासन निर्णयानं संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर नेलं आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही दार उघडलं. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. म्हणजे कागदावर राज्यातलं जवळजवळ प्रत्येक कुटुंब आत आहे, हप्ता न भरता. तरी सक्तीची मागणी का होते, तिथून सुरुवात करू.

हिशेबनीस:
मी सक्तीच्या बाजूचा आहे. कारण साधं गणित आहे.

भिशीचंच उदाहरण घ्या, फक्त ही भिशी आजारपणाची. १०० घरं आहेत. वर्षात ५ घरांत प्रत्येकी लाखाचा खर्च निघतो असं धरू. एकूण ५ लाख, म्हणजे घरटी ५,००० रुपये. आता ज्या ४० घरांत सगळे तरणेताठे आहेत ती म्हणतात, आम्हाला काय गरज? ती बाहेर पडली. आजारी पडणारी ५ घरं मात्र आतच आहेत, कारण त्यांना गरज आहे. ५ लाख भागिले ६०, म्हणजे घरटी सव्वाआठ हजारांच्या वर. तो आकडा बघून आणखी २० निघाली तर साडेबारा हजार. शेवटी भिशीत फक्त आजारी घरं उरतात आणि भिशी मोडते. विमा कंपन्या हे टाळायला दोनच गोष्टी करतात. एकतर आजारी माणसाला घेत नाहीत, नाहीतर जुन्या आजाराला तीन वर्षं थांबायला लावतात. सक्ती केली की सगळेच आत, मग कुणाला नाकारायचं कारण उरत नाही.

जर्मनीत १८८३ पासून हेच तत्त्व आहे, स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून. दोन्ही देशांत मूळ संरक्षण देताना कंपनीला माणूस निवडता येत नाही.

माणदेशी:
हिशेबनीस साहेब, गणित मान्य. पण सक्तीच्या विम्याचं गणित आमच्या भागानं पीकविम्यात बघितलंय. २०१६च्या खरिपापासून पीककर्ज घेणाऱ्याला पीकविमा सक्तीचा होता. सोसायटी हप्ता कापून घ्यायची. शेतकऱ्याला पावती मिळाली का, सातबाऱ्यावरचं पीक आणि विमा उतरवलेलं पीक एकच आहे का, हे कोण बघणार? नुकसान मोजायचं महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, सरासरीवर. एका शिवारात कीड पडून पीक गेलं तरी मंडळाचं उत्पन्न बरं असलं की भरपाई नाही. शेवटी केंद्रानं २०२०च्या खरिपापासून सक्ती काढली.

मुद्दा हा की हप्त्याची सक्ती करायला एक परिपत्रक पुरतं. सेवा द्यायला खाट लागते, भूलतज्ज्ञ लागतो, रक्तपेढी लागते. मिरजेत १८९४ पासून मिशनचं रुग्णालय आहे, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडला मोठी रुग्णालयं आहेत. पण जतच्या पूर्वेकडच्या गावातून मिरज शंभर किलोमीटरच्या घरात पडतं. मेंदूतल्या रक्तस्रावाला, अवघडलेल्या बाळंतपणाला एवढा रस्ता परवडत नाही. पैसे सगळ्यांकडून सारखे घेणार आणि खाटा मिरज-कराड-साताऱ्यात, तर माण आणि जतचे लोक मिरजेच्या बिलाला हातभार लावतात असा त्याचा अर्थ होतो.

कुपवाडकर:
सक्तीचा आरोग्य विमा आपल्याकडं नव्यानं आणायचाय अशी चर्चा चाललीय, म्हणून आठवण. त्याचा कायदा १९४८चा आहे. राज्य कामगार विमा, ईएसआय. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आणि कायदा लागू असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० पर्यंत पगार असलेला प्रत्येक कामगार त्यात येतो. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. हे दर १ जुलै २०१९ पासूनचे.

१५,००० पगारावर कामगाराचे ११३ आणि मालकाचे ४८८, मिळून महिना साधारण ६०० रुपये, वर्षाला ७,२००. दुसरीकडं जन आरोग्य योजनेत २०२०च्या करारात सरकार विमा कंपनीला दर कुटुंबामागं वर्षाला ७९७ रुपये भरत होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवा. ईएसआय महाग वाटतं, पण त्यात बाह्यरुग्ण तपासणी आहे, रोजची औषधं आहेत, आजारपणाच्या रजेत ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी आहे, २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे, कामावर अपघात झाला तर पेन्शन आहे. ७९७ मध्ये फक्त दाखल झाल्यावरचा खर्च, तोही यादीतल्या उपचारांपुरता. त्यामुळं "सक्ती करा" म्हणणाऱ्यानं आधी सांगावं, ७९७ची सक्ती की ७,२००ची.

आता ते कुठं मोडतं. आजारपणाची मजुरी मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात (एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च) किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. ठेकेदार दर काही महिन्यांनी ब्रेक देतो, नवीन ठेकेदार नवीन विमा क्रमांक काढतो, आणि जुने दिवस दुसऱ्याच क्रमांकावर राहतात. कामगाराला एकच क्रमांक आयुष्यभर असतो. नवीन ठिकाणी लागताना तो जुनाच द्यायचा, आणि चुकून दोन झाले असतील तर शाखा कार्यालयात अर्ज देऊन एकत्र करून घ्यायचे. दुसरी अडचण, लाभ लगेच मिळत नाही. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचा रोख लाभ जानेवारी-जूनमध्ये, ऑक्टोबर-मार्चचा जुलै-डिसेंबरमध्ये. तिसरी, ईएसआयचं स्वतःचं मोठं रुग्णालय आपल्याला जवळचं म्हणजे कोल्हापूर, नाहीतर पुण्यात बिबवेवाडी.

पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तर तो वर्गणी-काळ संपेपर्यंत कापणी चालू ठेवावी लागते, आणि ती चालू आहे म्हणून लाभही चालू राहतो. बरेच लेखनिक पगारवाढीच्या महिन्यातच नाव काढतात. ते चूक आहे.

हिशेबनीस:
कुपवाडकर, ही तुलना धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. माझं म्हणणं मी थोडं बदलतो. सक्ती हवी, पण ती मिळकतीच्या टक्क्यांत हवी, घरटी सारख्या रकमेत नको. जर्मनीत मूळ वर्गणी वेतनाच्या १४.६ टक्के, निम्मी मालकाची. अमेरिकेत २०१०च्या कायद्यानं वेगळा रस्ता धरला. कंपनीनं जुन्या आजारासाठी कुणाला नाकारायचं नाही, प्रत्येकानं विमा घ्यायचा, आणि कमी मिळकत असणाऱ्याला हप्त्यात मदत. विमा न घेणाऱ्याला २०१६ पासून माणशी ६९५ डॉलर किंवा मिळकतीच्या २.५ टक्के, जे जास्त असेल तो दंड. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी हा दंड म्हणजे कर आहे असं धरून तो टिकवला. पण त्याच निकालात गरिबांसाठीची मेडिकेड योजना वाढवायची की नाही हे राज्यांवर सोडलं. ज्या राज्यांनी वाढवली नाही तिथं एक थर असा राहिला की त्यांना मेडिकेडही नाही आणि हप्त्याची मदतही नाही. पुढं २०१७च्या कायद्यानं दंड शून्य केला, २०१९ पासून. तरी तिथली विम्याची बाजारपेठ कोसळली नाही, कारण हप्त्याची मदत चालू होती. लोकांना आत धरून ठेवायला दंडापेक्षा मदत जास्त कामाची ठरते, असा माझा त्यावरून निष्कर्ष.

माणदेशी:
मग सरळ करातून का नको? थायलंडनं २००२ मध्ये तेच केलं. ना हप्ता, ना दंड. जिल्ह्यातल्या रुग्णालयाला त्याच्याकडं नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर पैसे, आणि रुग्णाकडून सुरुवातीला एका भेटीचे फक्त ३० बात. त्यांनी त्याआधी बरीच वर्षं तालुक्याची रुग्णालयं बांधली आणि तिथं डॉक्टर ठेवले. आपण उलट्या टोकानं चाललोय. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं लिहिलं होतं. २०२१-२२चा राष्ट्रीय आरोग्य लेखा, म्हणजे केंद्राचा आरोग्यखर्चाचा हिशेब, १.८४ टक्के दाखवतो.

कोयनेकर:
तत्त्वाची चर्चा चालू दे, पण आत्ता ज्या योजनेत सगळे आहोत ती रुग्णालयाच्या दारात कशी चालते हे स्पष्ट असल्याशिवाय पुढचं बोलणं व्यर्थ आहे. बहुतेक तक्रारी योजनेच्या नसून पहिल्या दोन तासांतल्या चुकांच्या असतात.

आधी गैरसमज. ५ लाखांचं कार्ड म्हणजे ५ लाखांची रक्कम नव्हे. प्रत्येक उपचाराला ठरलेला पॅकेज दर आहे आणि त्याचे पैसे रुग्णालयाला मिळतात. २०२३च्या निर्णयात अशा १,३५६ प्रक्रिया होत्या. उपचार यादीत नसेल तर खात्यात पाच लाख शिल्लक असूनही उपयोग नाही. मर्यादा घरटी आहे, माणशी नाही. एकाच्या कर्करोगात साडेतीन लाख गेले तर त्या वर्षात बाकी सगळ्यांना मिळून दीड उरले. मूत्रपिंड प्रत्यारोपणाला साडेचार लाखांची वेगळी मर्यादा दिली होती.

रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, आहे का, एवढं विचारून भागत नाही. या आजाराच्या शाखेसाठी अंगीकृत आहे का, ते विचारा. एखादं रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेला असतं आणि हृदयाला नसतं. काही प्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्या खासगीत मंजूर होतच नाहीत. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून आजाराचं नाव सांगितलं की कळतं. आयुष्मानचा क्रमांक १४५५५.

दारात गेल्यावर केसपेपर काढायच्या आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाचं, टेबल गाठा. आधार, रेशनकार्ड, दोन्ही मूळ. आरोग्यमित्र ऑनलाइन ओळख पटवतो. मग डॉक्टर तपासणी करून उपचार ठरवतात, रिपोर्ट अपलोड होतात आणि पूर्वपरवानगीची मागणी जाते. मंजुरी आल्यावर शस्त्रक्रिया. इथं सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घाईघाईत पैसे भरून दाखल होणं आणि मागाहून "आमचं कार्ड आहे" म्हणणं. एकदा रोखीचा रुग्ण म्हणून नोंद झाली, शस्त्रक्रिया झाली, की मागं जाऊन परवानगी मिळत नाही. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरची सूचना देऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात. पण ती सूचना त्याच वेळी गेली पाहिजे. "आधी डिपॉझिट भरा, मग बघू" असं कुणी म्हटलं तर तिथूनच हेल्पलाइनला फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या.

मागणी परत येण्याची कारणं ठरलेली असतात. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. रिपोर्टवर तारीख नाही. फिल्मवर रुग्णाचं नाव नाही. उपचार लिहिला एक आणि निवडला दुसरा कोड. पहिलं रुग्णानं आधी दुरुस्त करून ठेवायचं, बाकी तीन रुग्णालयाची जबाबदारी. खुलासा मागितलाय की नाकारलंय, हे रोज संध्याकाळी आरोग्यमित्राला विचारत राहा. खुलासा मागितलेला असतो आणि दोन दिवस कुणी उघडून बघत नाही, असं होतं.

पॅकेजमध्ये खाट, नर्सिंग, भूल, तपासण्या, औषधं, इम्प्लांट, रुग्णाचं जेवण आणि घरी सोडल्यावर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा धरलेला आहे. स्टेंट किंवा प्लेट "बाहेरून आणा", "चांगल्या कंपनीची घ्यायची तर फरक भरा", हे नियमात बसत नाही. पैसे घेतलेच तर पावती मागा. पावतीशिवाय तक्रार टिकत नाही, पावती असेल तर परत मिळतात.

गटप्रवर्तक:
कोयनेकर दादांनी नावाचं लिहिलंय, त्यात भर. गावोगाव सगळ्यात जास्त अडकणारी म्हणजे नवीन सून. तिचं नाव माहेरच्या कार्डावर, आधार लग्नानंतर बदललेलं, आणि सासरच्या कार्डावर नाव चढलेलंच नाही. क्रम असा ठेवा. आधी माहेरच्या तालुक्यात नाव कमी केल्याचा दाखला, मग विवाह नोंदणी दाखला आणि आधार लावून सासरच्या पुरवठा शाखेत नाव चढवायचा अर्ज. रेशन दुकानदाराच्या ई-पॉस मशीनवर अंगठा देऊन ई-केवायसी केल्याशिवाय थांबू नका. १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आला की काम झालं. हे सगळं बाळंतपणाच्या आधी, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत उरकायचं.

पांढऱ्या कार्डवाल्यांनी वर्षानुवर्षं धान्य घेतलेलं नाही, त्यामुळं त्यांची कार्डं पुष्कळदा ऑनलाइनच नाहीत. हक्क मिळालाय पण नाव यंत्रणेत सापडत नाही. आयुष्मान कार्ड काढायला केंद्रावर गेलं की मगच कळतं. कार्ड मोफत आहे, पैसे द्यायचे नाहीत. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला मिळकत न बघता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड आहे. त्याला फक्त आधार लागतं, रेशनकार्डाची भानगड नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं ते आधी काढा.

वीस खाटा:
लहान रुग्णालयांची बाजूही लिहायला हवी. ती योजनेत का येत नाहीत याचं उत्तर "लोभ" एवढंच दिलं जातं, ते अपुरं आहे.

पॅकेजचा दर राज्यभर ठरलेला. रुग्ण ठरलेल्या दिवसांत घरी गेला तर हिशेब बसतो. जखमेत जंतुसंसर्ग झाला, मधुमेह निघाला, आणखी सहा दिवस राहावं लागलं, तर तो खर्च रुग्णालयाचा. मोठ्या रुग्णालयात महिन्याला दोनशे रुग्ण असतात, एकाचा तोटा दुसऱ्यात निघतो. वीस खाटांच्या ठिकाणी एक अवघड रुग्ण महिन्याचा हिशेब बिघडवतो. शिवाय दावा मंजूर होऊन पैसे येईपर्यंत औषध वितरक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका थांबत नाहीत. त्यात योजनेसाठी संगणक चालवणारा आणि कागद लावणारा माणूस वेगळा ठेवावा लागतो.

त्यामुळं तालुक्याच्या गावातली रुग्णालयं बाहेर राहतात आणि सगळा भार मिरज-कराडवर जातो. माणदेशींना जो अंतराचा प्रश्न दिसतो त्याचं मूळ बऱ्याच अंशी दर आणि पैसे मिळण्याच्या वेळेत आहे. सक्ती आणायची तर रुग्णालयाला ठरावीक दिवसांत पैसे देण्याची सक्ती सरकारवर, आणि उशीर झाला तर व्याज, हे कलम त्यात आधी लिहा. दुष्काळी आणि डोंगरी तालुक्यांना पॅकेजवर वाढीव दर द्या.

माणदेशी:
डॉक्टरसाहेब, वाढीव दराला पाठिंबा. पण दरपत्रकाचंही बोला. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. आणि सरकारला दर ठरवता येतात हे मे २०२० मध्ये दिसलंच. कोविडच्या आदेशात खासगीतल्या ८० टक्के खाटांना वॉर्डचे दिवसाला ४,०००, अतिदक्षतेचे ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० असे दर लावले होते.

वीस खाटा:
दरपत्रक लावलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. कोविडचे दर मात्र एकच साच्याचे होते, आणि त्यात महागडी औषधं, मोठ्या तपासण्या वेगळ्या होत्या. साध्या काळात शेकडो शस्त्रक्रियांना तसे दर लावायचे तर प्रत्येकीचा खर्च काढावा लागेल. ते काम कुणीतरी करायलाच हवं.

औषधवाला:
सगळी चर्चा दाखल झालेल्या रुग्णाची चाललीय. घर पोखरतं ते मात्र दर महिन्याच्या औषधानं. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण उरलेल्यात औषधांचा आणि बाह्यरुग्ण तपासणीचा वाटा मोठा आहे आणि जन आरोग्य योजना त्याला हात लावत नाही. रक्तदाबाची गोळी परवडत नाही म्हणून बंद होते, चार वर्षांनी पक्षाघात होतो, आणि मग योजना लाखभर रुपये द्यायला तयार असते. विमा सक्तीचा करून हे बदलणार नाही.

आत्ता करता येण्यासारखं: प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि मधुमेहाची नोंद करून घ्या, तिथल्या मूळ गोळ्या मोफत आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह सगळं मोफत झालं. हे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांना लागू आहे. मिरज आणि सांगलीचं सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडं येतं, त्यांना तो निर्णय लागू नव्हता. लोक दोन्हीकडं एकच नियम समजतात आणि खिडकीवर वाद होतात. केंद्रात गोळी संपली असेल तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी दुकानात जा.

विटेकर:
खासगी पॉलिसीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, त्यामुळं विचारणा वाढलीय. पण बहुतेकांचं नुकसान खोलीभाड्याच्या कलमात होतं.

३ लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. रुग्ण ५,००० च्या खोलीत ५ दिवस राहिला. लोकांना वाटतं, दोन हजारांचा फरक, पाच दिवसांचे दहा हजार भरू. तसं होत नाही. समजा बिल खोली २५,०००, सर्जन-भूल-शस्त्रक्रियागृह ८०,०००, औषधं-इम्प्लांट-तपासण्या ६५,०००. एकूण १,७०,०००. मर्यादा भाड्याच्या ६० टक्के आहे म्हणून खोलीचे १५,००० आणि सर्जन वगैरेचे ४८,०००च मिळतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, ते ६५,००० पूर्ण. मिळाले १,२८,०००, खिशातून ४२,०००. आणि हातमोजे वगैरे न मिळणाऱ्या वस्तू वेगळ्या. अतिदक्षता कक्षाच्या शुल्कालाही ही प्रमाणात कपात लावायची परवानगी नाही, तरी लावलेली दिसते. बिल नीट तपासा.

एप्रिल २०२४ पासून जुन्या आजाराची थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "आजार लपवला" म्हणून दावा नाकारता येत नाही. कॅशलेसच्या मागणीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा नियम आहे. नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं, नकारापासून एका वर्षाच्या आत. आपल्याला पुणे कार्यालय. वकील लागत नाही, फी नाही.

सक्तीबद्दल एवढंच की ही कलमं तशीच ठेवून सक्ती केली तर मी विरोधात आहे. सगळ्यांना एकच साधी पॉलिसी, खोलीभाड्याची अट नसलेली, हे आधी.

हिशेबनीस:
विटेकर, मान्य. एक प्रस्ताव तपासून बघा. हप्ता कारखान्यानं ऊसबिलातून कापायचा. सीमेपलीकडं कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी सभासदांसाठी यशस्विनी सुरू झाली, माणशी वर्षाला ६० रुपये. सोसायटी वर्षातून एकदा गोळा करायची, म्हणून वसुलीचा खर्च नगण्य. आपल्याकडं कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांचं जाळं त्याहून दाट आहे.

माणदेशी:
यशस्विनी ऐच्छिक होती, आणि त्यात ठरावीक शस्त्रक्रियाच होत्या. ऊसबिलाच्या कपातीत तीन खड्डे आहेत. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायचा नियम १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण बिल हप्त्यांत आणि उशिरा येतं. बिल थकलं तर विम्याचा हप्ता थकला, आणि नेमकं त्या महिन्यात कुणी आजारी पडलं तर संरक्षण आहे की नाही? दुसरं, बिल वडिलांच्या नावावर, चुली तीन. मग घर कोणतं धरायचं? तिसरं, ज्याला गरज सगळ्यात जास्त, त्या ऊसतोड मजुराचं, कुळाचं, शेतमजुराचं बिलच नसतं. तो दिवाळीनंतर गाव सोडतो आणि उन्हाळ्यात परत येतो.

हिशेबनीस:
पहिल्या खड्ड्याला उत्तर आहे. कपात ही फक्त वसुली समजायची, संरक्षण वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सरकारनं धरायचं, ईएसआयसारखं. मालकानं वर्गणी थकवली म्हणून कामगाराचा उपचार थांबवायचा नसतो. घर ठरवायला रेशनकार्ड हेच एकक. मजुराच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. त्याचा हप्ता सरकारनंच भरायला हवा, दुसरा मार्ग मला दिसत नाही.

शिराळकर:
मध्येच एक प्रश्न. शिराळा तालुक्यातला रुग्ण, केशरी कार्ड, पण हवा तो उपचार यादीत नाही असं अंगीकृत रुग्णालयानं सांगितलं. खर्च दीड लाखाच्या आसपास. वार्षिक मिळकतीचा दाखला १ लाख ४० हजारांचा आहे. काय करता येईल?

कोयनेकर:
आधी "यादीत नाही" हे आरोग्यमित्राकडून लेखी घ्या किंवा हेल्पलाइनवर तक्रार क्रमांकासह खातरी करा. २०२५ मध्ये यादी २,३९९ उपचारांपर्यंत वाढवायचा निर्णय झालाय. जुन्या यादीवरून सांगितलं असण्याची शक्यता आहे.

खरंच नसेल तर धर्मादाय रुग्णालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. मिळकत १ लाख ८० हजारांच्या आत म्हणजे निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत म्हणजे दुर्बल. तुमचा रुग्ण पहिल्या गटात बसतो. तहसीलदाराचा मिळकतीचा दाखला, रेशनकार्ड, आधार घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. दाखल होतानाच अर्ज द्या, बिल झाल्यावर नाही. खाट शिल्लक नाही म्हणाले तर त्या दिवसाची शिल्लक खाटांची नोंद दाखवायला सांगा, आणि तरी नाही तर धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात लेखी. त्या रुग्णालयांकडं बिलांच्या २ टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधी असतो, औषधांचा आणि इम्प्लांटचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो.

शिराळकर:
दाखला गेल्या आर्थिक वर्षाचा आहे. चालेल का?

गटप्रवर्तक:
चालू वर्षाचा काढून ठेवा ताई/दादा, सेतूत अर्ज टाकला की पावती मिळते. रुग्णालयात आज पावती आणि जुना दाखला दोन्ही लावा, नवीन हातात आला की जोडा. रेशनकार्डाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचीही झेरॉक्स बरोबर न्या, नावं शेवटच्या पानावर असतात आणि तेच नेमकं घरी राहतं.